बाळांच्या लसीकरणासाठी व्हॉट्सॲप गट: खुला ठेवावा की फक्त ॲडमिनचा?

रानवाट: उपकेंद्राखाली चार गावं आहेत. दोन वर्षांखालच्या बाळांच्या पालकांचा गट काढायचाय. पहिल्या पेंटाला (पाच आजारांवरची एकत्रित लस) बाळं येतात, पण ताप आला की दुसऱ्या डोसला घरचेच अडवतात. गटात सगळ्यांना बोलू द्यावं का? आणि अफवा आली तर मेसेज उडवायचा का?

टोचणी_वार: आधी तापाचं बघा, बाकीचं नंतर. सत्राच्या दिवशी संध्याकाळी सहा-सातलाच मेसेज गेला पाहिजे, रात्री रडारड सुरू व्हायच्या आधी. त्यात एवढंच: आज-उद्या ताप, मांडीला सूज येऊ शकते, पॅरासिटामॉल सिस्टरने सांगितलं तेवढंच, सुईची जागा चोळू नका, शेकू नका, अंगावर पाजणं चालू ठेवा. तीन तासांहून जास्त सलग रडणं, झटके, दोन दिवसांनंतरही ताप, असं काही झालं तर थेट केंद्रात या.

एमआरचं, म्हणजे गोवर-रुबेला लसीचं, गणित वेगळं असतं. त्याचा ताप किंवा बारीक पुरळ साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी येतं. तेव्हा लोक म्हणतात, 'लस देऊनही गोवर निघाला'. म्हणून त्या पालकांना चौथ्या दिवशी आणखी एक मेसेज. हा बहुतेक ठिकाणी राहून जातो.

सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तीन-तीन सुया असतात, हेही आदल्या दिवशीच सांगा: पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) उजव्या मांडीत, पोलिओची उजव्या दंडावर कातडीत. तिसरी सुई बघून बिथरलेली आजी गटातल्या दहा मेसेजना भारी पडते.

चावडीवरचा: गट 'फक्त ॲडमिन' ठेवा. खुल्या गटात आठवडाभरात गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि कुणाची तरी प्लॉटची जाहिरात. मग लोक गट म्यूट करतात आणि सत्राची तारीखही बुडते.

सुईण_नाही_सिस्टर: वरच्या मताशी अर्धीच सहमत. कायम बंद गट म्हणजे नोटीसबोर्ड. शंका तिथे विचारता आली नाही तर ती दुसऱ्या गटात जाते, आणि तिथे उत्तर द्यायला कोणी नसतं. आठवड्यातून दोन दिवस, रात्री आठ ते साडेनऊ गट खुला करा. त्या वेळात एक ॲडमिन फोनवर हवाच, दुसरा राखीव. उत्तर माहीत नसेल तर 'डॉक्टरांना विचारून उद्या दुपारपर्यंत सांगते' असं लिहा आणि खरंच सांगा.

अफवेचं: फॉरवर्ड आणि व्हिडिओ उडवा, प्रश्न उडवू नका. 'लसीने मूल होत नाही म्हणतात, खरं का?' हा प्रश्न आहे, राहू दे. उत्तरात अफवा शब्दशः परत लिहू नका, सरळ खऱ्या माहितीने सुरुवात करा. मेसेज उडवला की 'ॲडमिनने हटवला' असं सगळ्यांना दिसतं, म्हणून कारण एका ओळीत टाका, नाहीतर 'काहीतरी लपवतायत' सुरू होतं. शंका घेणाऱ्याला काढू नका. जाहिरात आणि राजकारणवाल्याला एक ताकीद, मग बाहेर.

लसीकरण कार्डाचे फोटो आणि 'अमक्याचं बाळ राहिलं' अशी यादी गटात कधीच नको. राहिलेल्यांना आशाताईंनी वेगळा फोन करावा.

रानवाट: पटलं. पण बऱ्याच घरी स्मार्टफोन एकच, तोही नवऱ्याकडे.

टोचणी_वार: मग नवऱ्यालाच घ्या गटात, आणि मेसेज त्याला उद्देशून लिहा: 'बुधवारी सकाळी दहाला बाळाला अंगणवाडीत आणा, कार्ड सोबत'. जोडीला गावच्या बोलीतला मिनिटभराचा ऑडिओ, म्हणजे घरात सगळे ऐकतात. निळ्या टिका मोजत बसू नका. सत्रानंतर ड्यू लिस्टशी, म्हणजे डोस द्यायच्या बाळांच्या यादीशी, ताडून बघा कोण आलं.

चावडीवरचा: ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर ती निघायच्या आधी, दिवाळीच्या आसपास, एक मेसेज हवाच: कार्ड सोबत न्या, कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातही डोस मिळतो, आणि मध्ये खंड पडला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे चालू. गावातून गेले म्हणून त्यांना गटातून काढू नका.