मदत हवी आहे: आंबोलीत रात्री चापडा या विषारी सापाचे फोटो काढताना किती अंतर ठेवावे?

नमस्कार. येत्या जुलैत आम्ही चौघे कोल्हापूरहून आंबोलीला रात्रीच्या फेरीसाठी जाणार आहोत आणि जमल्यास पुढे रत्नागिरीकडच्या एखाद्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) फुरसे पाहण्याचा विचार आहे. पक्ष्यांचे फोटो मी गेली आठ वर्षे काढतो. सापांचा अनुभव मात्र एकाच पावसाळ्याचा आहे, आणि तोही अभिमानाने सांगावा असा नाही.

गेल्या वर्षी आंबोलीतच, गुडघाभर उंचीच्या एका फांदीवर तपकिरी रंगाचा मलबारी चापडा बसला होता. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेण्याच्या) लेन्समध्ये त्याचे डोके चौकट भरून यावे, म्हणून मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पुढे पुढे सरकत राहिलो. वाटाड्याने रेनकोटची कॉलर धरून मला मागे ओढले, तेव्हा कळले की लेन्सचे हूड आणि सापाचे तोंड यांच्यात वीतभरही जागा उरलेली नव्हती, आणि तोल सावरण्यासाठी ज्या दगडावर मी हात टेकणार होतो त्याच्या कडेला दुसरा, हिरवा चापडा वेटोळे करून बसला होता. त्याच वाटाड्याने नंतर पहिल्या सापाला काठीने 'चांगल्या' फांदीवर सरकवले. आम्ही कोणीच त्याला अडवले नाही, याची रुखरुख अजून आहे.

माझ्याकडे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, वरील मॅक्रो आणि ७०-३०० ची झूम लेन्स आहे. मॅक्रो घरीच ठेवावी का? फ्लॅश किती वापरावा? सापाच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो घ्यायचा तर सड्यावर पालथे झोपावे लागते, ते कितपत सुरक्षित आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मॅक्रो घरीच ठेवा. त्या लेन्सवर छापलेले ३० सेंटिमीटर हे फोकसचे किमान अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, लेन्सच्या पुढच्या काचेपासून नव्हे. पूर्ण आकाराचे, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराएवढे, चित्र घेताना काच आणि साप यांच्यात जेमतेम १४-१५ सेंटिमीटर उरतात. चापडा साधारण अर्ध्या ते पाऊण मीटर लांबीचा असतो, आणि असा साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत सहज झेप घेतो. याउलट ७०-३०० च्या बऱ्याच लेन्स दीड मीटरवरून फोकस होतात आणि तेवढ्या अंतरावरूनही तुमच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत सुमारे नऊ सेंटिमीटर रुंदीचाच भाग येतो, म्हणजे वेटोळ्यासह डोके पुरेसे मोठे मिळते. फोकस किमान अंतरावर लावून ठेवा आणि चित्र अस्पष्ट दिसले तर पुढे नव्हे, मागे सरका.

डोळा व्ह्यूफाइंडरला लावूच नका, कारण तिथे अंतराचे भान सुटते. मागचा पडदा वापरा. एक जण फोटो काढत असताना दुसऱ्याने केवळ टॉर्च घेऊन त्याच्या पायांभोवतीची जमीन, दगड आणि कमरेपर्यंतच्या फांद्या पाहत राहावे. तुमचा दुसरा चापडा या माणसाला आधीच दिसला असता. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डिफ्यूझर (प्रकाश सौम्य करणारे आवरण) लावून पाच-सहा फ्लॅशमध्ये काम आटोपावे. चापडा एकाच जागी दबा धरून बराच काळ, कधी काही दिवसही बसून राहतो. त्याला हलवले म्हणजे त्याची शिकारीची जागा मोडली. वाटाड्याला हे निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा, जंगलात वाद घालणे अवघड जाते.

प्रतिसाद २

सड्यावर पालथे झोपू नये, एवढेच ठामपणे सांगतो. कोकणातले फुरसे बहुधा हातभरही नसते, कातळाच्या रंगात मिसळून जाते आणि दिवसा दगडाखाली असते. ते इंग्रजी आठच्या आकारात वेटोळे करून खवले घासू लागले, आणि तव्यावर पाणी पडावे तसा आवाज आला, तर तुम्ही आधीच फार जवळ आहात. कॅमेरा बीनबॅगवर जमिनीलगत ठेवा, पडदा वर वळवा आणि रिमोटने फोटो घ्या. गमबूट हवेतच.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेली असते. चापड्यासाठी ती नाही. चापड्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण वेदना आणि सूज भयंकर असते आणि रुग्णालय गाठावेच लागते. दंश झाल्यास अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, आवळपट्टी बांधू नका, कापू नका आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना दाखवायला साप मारून नेण्याची गरज नाही, फोटो तुमच्या कॅमेऱ्यात असेलच. आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटर, तेही घाटाने आणि पावसात. म्हणून गाडी परतीच्या तोंडाने उभी करा आणि चौघांपैकी एकाने तरी किल्ली खिशात ठेवून वाटेच्या बाजूला थांबावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. काल रात्री अंगणात दोरीचे वेटोळे ठेवून ७०-३०० ने दीड मीटरवरून सराव केला. चौकट खरोखरच भरते. हात मात्र थरथरतो, म्हणून एकपायी स्टँड घेत आहे. मोबाइलची रेंज घाटात कुठपर्यंत मिळते, हे कोणी सांगू शकेल का?