हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरची रुग्णालयातील रात्र

प्रश्न: माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांवर पुढील आठवड्यात पाठीत भूल देऊन हर्नियाची शस्त्रक्रिया होणार असून त्यांना एक रात्र ठेवून घेणार आहेत. ते आजवर कधीही दाखल झालेले नाहीत. रात्री नेमके काय होते, हे त्यांना आधी समजावून सांगावे असे वाटते.

उत्तर: मी निवृत्त परिचारिका आहे. सलग झोप मिळेल ही अपेक्षा ठेवू नये, कारण रक्तदाब, नाडी, ताप आणि ऑक्सिजन तपासण्यासाठी त्यांना ठरावीक वेळाने उठवले जाईल. त्याचा अर्थ काही बिघडले आहे असा नव्हे. भुलीमुळे पाय काही तास बधिर राहतात, म्हणून पहिल्यांदा उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसावे आणि मगच कुणाचा तरी आधार घेऊन उभे राहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लघवी: या वयात, विशेषतः प्रोस्टेट वाढलेले असल्यास, ती तुंबू शकते, आणि आपल्याकडची वडीलधारी मंडळी संकोचाने ते सांगत नाहीत. ओटीपोट ताठरल्यासारखे वाटले तर पहाटेची वाट न पाहता परिचारिकेला बोलवा.

उत्तर: माझ्या आईच्या वेळी मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत रात्रभर जागा होतो. तेवढी काळजी करू नका, पण सुईभोवती सूज किंवा आग जाणवल्यास लगेच सांगा. रोजच्या गोळ्या सोबत न्या. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.