गॅस्ट्रो झाल्यावर आतड्याला खरंच भोकं पडतात का?

वस्तादांचा_नातू: पाव्हण्यांच्या लग्नात जेवलो आणि पाच दिवस आडवा, दोन सलाइन. जुलाब थांबून तीन आठवडे झाले. तांबडा रस्सा पचतोय, पण गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिलो की अर्ध्या तासात पोट नगाऱ्यागत! आमच्या घरात ही लाजेची गोष्ट हाय. मेव्हणा म्हणतोय आतड्याला गळती लागलीय, अडीच हजारांची पावडर घे. घेऊ का?

लॅबवाली_राजारामपुरी: दादा, भोकं नाहीत, शिवण उसवते. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, आणि शेजारच्या पेशी प्रथिनांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. जंतू, त्यांचं विष आणि आपलीच सूज ती शिवण सैल करतात. हे मोजताही येतं: दोन साखरा पाजून लघवीत किती उतरल्या ते बघायचं. त्यातली मोठी लॅक्टुलोज, म्हणजे बद्धकोष्ठाच्या सिरपातलीच. एरवी ती आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरत नाही. शिवण सैल असली की जास्त शिरते.

अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं येतं, म्हणून बहुतेकांचं आपोआप भरून निघतं. सगळ्यांचं नाही. कॅनडात वॉकरटन गावी 2000 साली नळाचं पाणी दूषित झालं. दोनेक वर्षांनी ज्यांची पोटं अजून कुरकुरत होती, त्यांच्यात ही गळती जास्त जणांत सापडली. पण तशांतही बऱ्याच जणांची चाचणी नॉर्मलच होती.

तुमचं दूध मात्र वेगळं प्रकरण वाटतं. दूधसाखर पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या आतल्या केसासारख्या बारीक लवीच्या शेंड्यावर असतं आणि गॅस्ट्रोत पहिला मार तिथंच बसतो. नव्या पेशी पिकायला वेळ लागतो. काही आठवडे दह्यावर भागवा. पावडरीचे पैसे ठेवा खिशात.

कसबा_बावडेकर: रक्त पडलं, ताप आला, वजन उतरलं किंवा रात्री पोटानं उठवलं, तर इथं विचारत बसू नका. डॉक्टर गाठा.

लॅबवाली_राजारामपुरी: बरोबर. आणि दादा, धारोष्ण म्हणजे न उकळलेलंच ना? वॉकरटनच्या पाण्यात सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कच्च्या दुधातूनही येतो.

वस्तादांचा_नातू: पावडर रद्द. दही चालू. पण ताई, कट्ट्यावर म्हशीसमोर उभं राहून "उकळून द्या" कुठल्या तोंडानं म्हणू?