मदत हवी आहे : अंड्याचं कवच कडक, पण कोंबड्या उठत नाहीयेत

पडवीतला_खुराडा
मंडळी लवकर सांगा कुणीतरी. गुहागरकडे असतो, अंड्याच्या ४० कोंबड्या आहेत. आठ दिवसांत तीन बसल्या, म्हणजे सकाळी बघावं तर कोपऱ्यात बसलेली, हाकललं की पंख फडफडवते आणि परत तिथेच. खातायत पितायत, डोळे स्वच्छ. अंडी चालू आहेत आणि कवच एकदम टणक आहे त्यामुळे कॅल्शियम कमी पडतंय हे कृपया सांगू नका, तीन जणांनी सांगून झालंय. काल त्यातली एक कापली तर मांडीचं हाड नुसत्या हाताने मोडलं, कट्कन, शेवग्याची शेंग मोडावी तसं. औषधाचं नाव आणि डोस सांगा.

सरळमार्गी
लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, कधी दिली होती? मानमोडी सुरू झाली तर आठवड्यात खुराडं रिकामं होतं, आमचं झालंय. आणि एक पाय पुढे एक मागे टाकून बसते का ते बघा, तसं असेल तर मरेक्स, तो पाय लुळे पाडणारा रोग, मग औषध नाही.

गजालीवाला
कोंबयांक घालतंस काय ता आधी सांग मरे. वय किती, पिंजऱ्यात की सोडलेल्या, काय एक लिवलंस नाय आणि डोस मागतंस.

पडवीतला_खुराडा
वय वर्षाच्या आसपास, अंड्यावर येऊन सहाएक महिने. एरवी परसात सोडतो पण जूनपासून पाऊस म्हणून आतच, पडवीला निळी ताडपत्री मारलीय. खायला फीडच देतो हो, कंपनीचं, आणि वर घरचा कोंडा, कणी. लस सगळी झालीय. पाय पुढेमागे नाहीत, दोन्ही पोटाखाली.

आजीचा_बटवा
चुन्याची निवळी द्या. पानाचा चुना रात्री पाण्यात कालवायचा, सकाळी वरचं पाणी घ्यायचं. आमच्याकडे तीन पिढ्या हेच चालतं, इंजेक्शनवाल्यांच्या नादी लागू नका.

पेशीवाला
व्हेटर्नरीला आहे, शेवटचं वर्ष. कवच कडक म्हणजे कॅल्शियम भरपूर, इथेच गडबड होतेय. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं आणि कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून असतं वीसेक ग्रॅम, म्हणजे एका अंड्याला सांगाड्याचा दहावा हिस्सा. कवच चढायला वीसेक तास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री, जेव्हा ती काही खात नसते. मग आणणार कुठून, तर हाडातून. त्यासाठी अंड्यावर यायच्या दोनेक आठवडे आधी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळंच हाड तयार होतं, मेड्युलरी बोन, ही तिची कॅल्शियमची कणगी. रात्री ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाड आम्लाने विरघळवून कॅल्शियम रक्तात सोडतात, दिवसा ऑस्टिओब्लास्ट पेशी खाल्लेल्यातून कणगी परत भरतात.
गोची अशी की इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं हार्मोन, वाढलेलं असेपर्यंत ऑस्टिओब्लास्ट फक्त कणगीच भरत बसतात, बाहेरचं वजन पेलणारं हाड बांधायचं जवळपास बंदच करतात. ऑस्टिओक्लास्टला मात्र आतलं बाहेरचं असं काही नाही, समोर येईल ते पोखरतात. मग अंडं चांगलं येतं आणि मांडी पोकळ होत जाते. फीडच्या गोणीवर काय लिहिलंय ते बघून सांगा. आणि छातीचं मधलं हाड बोटाने चाचपून बघा.

शंखशिंपले
अवांतर, पण हेच मेड्युलरी बोन टी रेक्सच्या मांडीच्या हाडात सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं होतं! म्हणजे ती मादी होती आणि अंडी घालायच्या बेतात होती. तुमच्या पडवीत डायनासोरच आहेत असं समजा.

गजालीवाला
डायनासोराचे वडे-सागोती केल्यार माका बोलव.

ताईमाई
माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं म्हणून हाडं ठिसूळ होतात. मला कॅल्शियमची गोळी आणि डी ची पावडर चालू आहे आठवड्यातून एकदा, दुधातून घ्यायची. तीच थोडी कोंबडीला दिली तर? शिवाय माझी एक कोंबडी महिनाभर खुडूक आहे, तिच्यावरही काही सांगा.

सरळमार्गी
खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवून काढा दोनदा.

पेशीवाला
ताई, बाईचं आणि कोंबडीचं उलटं आहे. बाईचं हाड इस्ट्रोजेन गेल्यावर झिजतं, कोंबडीचं ते असताना. अंडी थांबली की मग कुठे तिच्या ऑस्टिओब्लास्ट बाहेरच्या हाडाकडे वळतात. म्हणून खुडूक बसलेलीला बुडवू नका हो, तिची तेवढीच डागडुजी होते. बसू दे तिला. तुमच्या पावडरीचा डोस माणसाच्या वजनाचा असतो, ती नको.

आजीचा_बटवा
पेशी बिशी ठीक आहे पण निवळीचं काय? त्यात कॅल्शियमच असतं ना?

पेशीवाला
असतं, पण चुना पाण्यात विरघळतोच किती? लिटरभर निवळीत पुरतं एक ग्रॅमही कॅल्शियम उतरत नाही. कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते धरा, म्हणजे हातात आलं पाव ग्रॅमच्या आत. आणि खालचा गाळ ढवळला गेला तर चोच, घसा भाजेल.

आजीचा_बटवा
तीन पिढ्यांत आमची एकही कोंबडी भाजली नाही.

किनाऱ्यावरचा
तुमच्या गावठी कोंबड्या महिन्याला दहा-बारा अंडी घालून दमतात आणि दिवसभर उकिरडा उकरत उन्हात फिरतात, ह्यांच्या जवळपास रोज घालतात, तुलना कशी होणार?

पडवीतला_खुराडा
गोणी बघितली. वर ब्रॉयलर फिनिशर लिहिलंय. दुकानदार म्हणाला कोंबडी खाद्य ते कोंबडी खाद्य, मी पण कधी वाचलं नाही. कॅल्शियम १ टक्क्याच्या आत दाखवतंय. छातीचं हाड बघितलं, बसलेल्या दोघींचं नागमोडी लागतंय, मधे खळगा. चालत्या चारपाच जणींचं पण तसंच आहे 😟

पेशीवाला
हेच विचारत होतो. ब्रॉयलर फिनिशर हे मांसाच्या कोंबड्यांचं खाद्य. लेयर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. दिवसाला ११० ग्रॅम खाल्लं तर चार ग्रॅम पोटात जातं आणि त्यातलं निम्मं अंगी लागतं. तुमच्याकडे ग्रॅमभर मिळतोय, त्यात कोंडा. कोंड्यातला फायटेट नावाचा घटक आहे तेवढं कॅल्शियम पण अडकवून ठेवतो. आणि जूनपासून ऊन नाही म्हणजे डी३, ते ड जीवनसत्त्व, फक्त खाद्यातलं.
आता करा काय : बसलेल्या वेगळ्या ठेवा, खाली तूस जाड पसरा, पाणी चोचीजवळ. पाण्याअभावीच मरतात बऱ्याचदा. लेयर फीड आणा, कोंडा बंद. इंजेक्शन द्यायचं की नाही ते दवाखान्यातल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवून ठरवा, इथून डोस सांगणार नाही.

किनाऱ्यावरचा
आणि शिंपले! किनाऱ्यावर राहून कॅल्शियम विकत कसलं आणताय. कालवांची कवचं, तिसऱ्यांच्या शिंपल्या, दोन पाण्यात धुवून खार काढायचा, वाळवून पाट्यावर ठेचायचं. पीठ करू नका, ते भरकन निघून जातं. मोहरीपेक्षा मोठे, तुरीच्या डाळीएवढे तुकडे ठेवा, ते पेट्यात, म्हणजे कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या जठरात, अडकून रात्रभर सावकाश विरघळतात. संध्याकाळी चार-पाचला वेगळ्या भांड्यात ठेवायचे, जिला हवंय ती खाते.

सरळमार्गी
तरी लासोटाची तारीख सांगितली नाहीच तुम्ही.

पडवीतला_खुराडा
काल संध्याकाळी कालवांची कवचं ठेचून ठेवली. चालत्या सगळ्या तुटून पडल्या, भांडं दहा मिनिटांत रिकामं. बसलेल्यांतली एक मान लांब करकरून टिपत होती, दुसरीने तोंड नाही लावलं. आज दोन्ही तशाच, पण पहिली पंख टेकवून अर्धी उठली. लेयर फीड चिपळूणवरून बुधवारी येईल. तोपर्यंत फिनिशर चालू ठेवू ना? आणि त्याच खुराड्यात महिन्याची १२ पिल्लं पण आहेत हे सांगायचं राहिलं.

पेशीवाला
अहो!! पिल्लं आधी वेगळी करा. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. फिनिशर चालेल दोन दिवस, सोबत शिंपले ठेवा.

गजालीवाला
ह्याका पुढच्या टायमाक आधी प्रश्नपत्रिका द्या भरूक.

ताईमाई
गुहागरला अंडी काय भावाने देता हो? भावाकडे येणार आहे गणपतीत.