दुसऱ्यांच्या विस्कटलेल्या संसारात आपण इतके का गुंततो?

गिरणाकाठ (चाळीसगाव तालुका):

नमस्कार मंडळी. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले असताना घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

आमच्याकडे आखाजीच्या आगेमागे गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या (पापड) घालण्याचे काम चालते. त्या दिवशीही उन्हे चढण्याआधीच शिजलेल्या पिठाचे पातेले वर आणले होते आणि धोतर अंथरून आम्ही सात-आठ जणी ओल्या हातांनी बिबड्या थापत होतो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता व त्यावर एका अभिनेत्रीच्या घटस्फोटाची बातमी चालू होती. पोटगी किती मिळाली, आधी घर कोणी सोडले, मूल कोणाकडे राहणार, यावर काकू आणि मावश्या तासभर बोलत होत्या. माझी चुलत बहीण त्याच घोळक्यात बसली होती. ती दीड वर्षापासून माहेरी आहे आणि तिचा दावा कोर्टात चालू आहे. ती एक शब्दही बोलली नाही. एरवी तिच्याइतकी पातळ, एकसारखी बिबडी आमच्या घरात कोणाला जमत नाही, पण त्या दिवशी तिच्या हाताखालची बिबडी एका कडेला जाड राहिली होती. फोनचा आवाज वाढवायला मीच सांगितले होते, हे मला परतीच्या प्रवासात एसटीत बसल्यावर आठवले.

त्या अनोळखी अभिनेत्रीबद्दल तासभर बोलणाऱ्या आम्ही सर्वजणींनी या दीड वर्षात बहिणीला “तुझे कसे चालले आहे?” असे एकदाही विचारलेले नाही. सुखाने नांदणाऱ्या जोडप्याची बातमी आपण दोन दिवसांत विसरतो आणि मोडलेल्या संसाराची वर्षानुवर्षे आठवण काढतो, ही सहानुभूती म्हणायची की आणखी काही? इंग्लंडच्या राजघराण्यातल्या डायनाला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी तिच्या लग्नात काय बिनसले हे माझ्या आईला अजून तोंडपाठ आहे. कोणी या विषयावर विचार केला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

जुना ग्रंथपाल (धुळे):

ताई, मी एका सार्वजनिक वाचनालयात चौतीस वर्षे काम केले आणि साप्ताहिकांचे अंक वर्षअखेरीस बांधून ठेवणे हे काम माझ्याकडे होते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा एक पुरावा मी डोळ्यांनी पाहिला आहे असे म्हणता येईल.

ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि डायना यांचे लग्न २९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये झाले. जगभरात सुमारे ७५ कोटी लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले असे सांगितले जाते, पण आपल्याकडे तेव्हा घरोघरी संच नव्हते आणि लोकांनी ते लग्न मासिक-साप्ताहिकांतल्या चित्रांतूनच पाहिले. वीस वर्षांची वधू आणि तिच्या मागे पायऱ्यांवर पसरलेला २५ फुटांचा झगा, ही चित्रे आमच्या अंकांतून ब्लेडने कापून नेलेली होती. बांधणी करताना त्या पानांच्या जागी मला चौकोनी भोके मिळाली. त्यानंतर ९ डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी पार्लमेंटमध्ये दोघे वेगळे होत असल्याचे जाहीर केले, २० नोव्हेंबर १९९५ रोजी बीबीसीवर डायनाची ती गाजलेली मुलाखत प्रसारित झाली, २८ ऑगस्ट १९९६ रोजी घटस्फोट झाला आणि जेमतेम वर्षभराने, ३१ ऑगस्ट १९९७ रोजी, पॅरिसमधल्या भुयारी रस्त्यात छायाचित्रकार पाठलागावर असताना झालेल्या अपघातात ती गेली. या वर्षांच्या अंकांतून कोणी एकही पान नेले नाही, मात्र त्यांच्या कडा बोटांच्या मळाने काळ्या पडल्या आणि काही पाने घडीवरून तुटली. चित्रे लोकांनी घरी नेली आणि विस्कटल्याचा मजकूर तिथेच बाकावर बसून, पुन्हा पुन्हा येऊन वाचला.

मला वाटते, लग्नाच्या वर्णनात वाचणाऱ्याला काही करण्यासारखे उरत नाही. संसार बिघडला की मात्र प्रत्येक जण पंच होतो, कोणाचे चुकले ते ठरवतो आणि ठरवताना स्वतःच्या घरातले दाखले मनात आणतो. त्या मुलाखतीत डायना म्हणाली होती की या लग्नात आम्ही तिघे होतो, त्यामुळे जरा गर्दीच झाली. तिसरी म्हणजे चार्ल्स यांची मैत्रीण कॅमिला. आमच्या एका अंकात या वाक्याखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ ओढली होती, आणि ती इतकी दाबून ओढली होती की मागच्या पानावर तिचा वळ उठला होता. वाचनालयाच्या अंकावर खुणा करणे नियमाबाहेर असल्याने मी खोडरबर घेऊन बसलो होतो, पण ती रेघ पुसण्यास हात झाला नाही. धुळ्यात राहणाऱ्या एखाद्या स्त्रीला किंवा पुरुषाला त्या वाक्यात स्वतःचे काही सापडले होते, एवढे मला तेव्हा उमगले.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलेली ती मुलाखत मिळवण्यासाठी मार्टिन बशीर या पत्रकाराने बँकेची बनावट कागदपत्रे डायनाच्या भावाला दाखवली होती, असा निष्कर्ष माजी न्यायाधीश लॉर्ड डायसन यांच्या चौकशीने २०२१ साली काढला आणि त्यानंतर बीबीसीने माफी मागितली. आपल्या वाचनाची भूक भागवणारा मजकूर कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत येतो, याचा विचार मी नोकरीत असताना कधी केला नव्हता, याचे मला वाईट वाटते.

केळीबाग (रावेर):

अप्पा, आपले अनुभव वाचून आदर वाटला, तरी मला सगळा दोष वाचणाऱ्यांवर टाकणे पटत नाही. मायकेल डग्लस आणि कॅथरिन झीटा-जोन्स या हॉलिवूडच्या कलाकारांनी २००० साली आपल्या लग्नाच्या छायाचित्रांचे हक्क एका साप्ताहिकाला १० लाख पौंडांना विकले होते. ज्यांनी मांडवात येण्याचे पैसे घेतले, त्यांनी मांडव कोसळल्यावर इकडे पाहू नका असे म्हणण्यात काय अर्थ आहे? ताईंच्या बहिणीने असे काहीही विकलेले नाही, त्यामुळे तिची आणि त्या अभिनेत्रीची तुलना करू नये, असे मला मनापासून वाटते.

कोर्टाची पायरी (जळगाव):

भाऊ, आपण दिलेल्या उदाहरणाचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्या लग्नात चोरून काढलेली छायाचित्रे दुसऱ्या एका साप्ताहिकाने छापली, तेव्हा ते जोडपे न्यायालयात गेले आणि त्यांना नुकसानभरपाई मिळाली. एक दार स्वतःहून उघडले म्हणून घराची सगळी दारे उघडी झाली, असे न्यायालयाने मानले नाही.

मी कौटुंबिक दावे चालवतो. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार या कायद्याखालचे कामकाज बंद दाराआड चालते आणि त्यासंबंधीचा मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदेशीर आहे. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेवढा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने छापता येतो. १९७६ च्या दुरुस्तीने बंद दाराआडची सुनावणी सक्तीची केली. दंड मात्र १,००० रुपयांपर्यंतच आहे, आणि एखाद्या वाहिनीला तो जाणवणारही नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न फार जुना आहे. १८५७ च्या कायद्याने तिथे घटस्फोटाचे न्यायालय आले आणि वर्तमानपत्रांचे रकाने नवराबायकोच्या साक्षींनी भरू लागले, तेव्हा राणी व्हिक्टोरियाने १८५९ साली लॉर्ड चॅन्सेलरला (न्यायव्यवस्थेच्या प्रमुखाला) पत्र लिहून हे छापणे थांबवता येईल का, अशी विचारणा केली होती. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९२६ साल उजाडले. म्हणजे लोकांना हे वाचायला आवडते, हे सत्तर वर्षे सर्वांना ठाऊक होते आणि विक्रीही त्यावरच होत होती.

तरीही दारे बंद करणे नेहमीच बरे, असे मी म्हणणार नाही. रखमाबाईंचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांनी नाकारले, मुंबईच्या न्यायालयात १८८५ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला, आणि १८८७ साली मात्र नवऱ्याकडे नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. त्यांच्या संसाराची चर्चा वर्तमानपत्रांतून घरोघरी झाली, त्यांना बोल लावणारे पुष्कळ होते, पण त्यांनी स्वतःही टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून बालविवाहात स्त्रीचे काय होते ते सांगितले. १८९१ चा संमतिवयाचा (शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय वाढवणारा) कायदा होण्यामागे त्या चर्चेचाही हात होता. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी आपल्या तापीच्याच काठी सुरतेत अनेक वर्षे रुग्णसेवा केली. लोक एका स्त्रीच्या संसाराबद्दल बोलत असताना तिलाही बोलता येते का, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, असे मला या व्यवसायात राहून वाटू लागले आहे.

अमळनेरची सून:

वकीलदादांच्या शेवटच्या वाक्यावरून मला आमच्या आजेसासूबाईंची आठवण झाली. त्यांना इंग्लंडची राणी ठाऊक नव्हती, पण द्वारकेची राणी चांगली ठाऊक होती. राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली, राजवाडा सोडून दिंडीरवनात येऊन बसली, तिला शोधत देव आला आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. पंढरपुरात तिचे देऊळ आजही वेगळे आहे. ही कथा त्या दळताना सांगत आणि रुक्मिणी वाडा सोडते त्या जागी जात्याचा खुंटा थांबवून म्हणत, “तिन्हं काय चुकनं व माय?” मग पुन्हा दळण सुरू होई. आजेसासऱ्यांचे दुसरे घर होते, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळले. त्यांनी स्वतःबद्दल कधी तक्रार केली नाही, जे म्हणायचे ते रुक्मिणीच्या नावाने म्हटले.

आखाजीला आपण गौराई बसवतो, तिला न्यायला शंकर येतो आणि त्या गाण्यांत सासर-माहेरचे किती काही येऊन जाते, हे ताईंना सांगायला नको. थोरांच्या संसाराबद्दल बोलून आपले दुःख हलके करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, म्हणून तुमच्या काकू-मावश्यांना मी निर्दय म्हणणार नाही. त्यांच्यापैकी एखादी त्या अभिनेत्रीच्या आडून स्वतःचेच बोलत असेल. फरक मला एवढाच दिसतो की रुक्मिणीला आपल्या बोलण्याने इजा होत नव्हती आणि जात्यावर समोर बसलेली बाई पुढची ओवी म्हणू शकत होती. तुमच्या बहिणीची पाळी त्या गच्चीवर आलीच नाही. तिला फोन करावा, ताई.

गिरणाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिला फोन केला. “तुम्हा सगळ्यांना सर्व ठाऊकच आहे, म्हणून कोणी विचारत नाही, असे मी धरून चालले होते,” असे ती म्हणाली, आणि मग पाऊण तास बोलत होती. त्यात कळले की तिच्या दाव्याच्या कागदांपैकी दोन पानांचे फोटो आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरले आहेत. मी त्या गटात आहे आणि मी ते पाहिलेही होते. वकीलदादा, याबाबत काय करता येईल?

कोर्टाची पायरी (जळगाव):

प्रथम त्या संदेशाचे, पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह आणि तारखेसह, स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. नंतर गट चालवणाऱ्याला तो मजकूर हटवण्यास लेखी सांगावे, तोंडी नको. बहिणीने पुढच्या तारखेपूर्वी हे सर्व आपल्या वकिलांना दाखवावे. पाने नेमकी कोणत्या अर्जाची आहेत हे पाहून न्यायालयाच्या कानावर घालायचे की नाही ते त्यांना ठरवता येईल.

गिरणाकाठ:

गट माझे मोठे काका चालवतात. त्यांना आजच लिहिते, आणि रविवारी तिच्याकडे जाते आहे.