ॲडेलचा पुढचा अल्बम कधी? नका विचारू, अल्बर्ट हॉल ऐका

घासलेली_रेकॉर्ड
काल रात्री परत ब्रिटिश गायिका ॲडेलचं रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. २२ सप्टेंबर २०११, लंडन. एकच गाणं बघायचं म्हणून बसले आणि सगळं संपल्यावरच उठले. मग सवयीने मोबाइल उघडला तर तेच रडगाणं: '३०' हा अल्बम २०२१ मध्येच आला, पुढचा कुठाय? अहो, २०२४ मध्ये तिने जर्मन टीव्हीवर सरळ सांगितलं की टाकी पार रिकामी झालीय, नव्या गाण्यांचा काही बेत नाही. त्याच नोव्हेंबरात लास वेगासचे प्रयोग संपवताना 'आता बराच काळ भेट नाही' असंही म्हणाली. आणखी किती स्पष्ट सांगायचं?

माझं म्हणणं एवढंच, की तिचा स्टुडिओतला '२१' हा अल्बम या मैफलीपुढे इस्त्री केल्यासारखा वाटतो. इथे ती दोन गाण्यांच्या मध्ये मनसोक्त बडबडते, शिव्या घालते, खदखदून हसते. पियानो सुरू झाला की तीच बाई असं काही गाते की आपण हातातलं काम ठेवून देतो. गायिका एमी वाइनहाउसला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तिच्या आठवणीत 'मेक यू फील माय लव्ह' गाताना ॲडेल लोकांना मोबाइल पेटवून वर धरायला सांगते. तो अंधार, ते ठिपके. असं स्टुडिओत कुठून आणणार?

रात्रपाळी
ठिपके छान आहेत, मान्य. पण त्या मैफलीत तिचं स्वतःचं नवीन गाणं किती? एकही नाही. जानेवारीत '२१' विकला, नोव्हेंबरात तीच गाणी टाळ्यांसकट परत विकली. याला आम्ही शिळ्या कढीला ऊत म्हणतो.

रेकॉर्ड कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर बऱ्याच करारांत लाइव्ह, म्हणजे मैफलीतले, अल्बम ठरलेल्या अल्बमांच्या संख्येत धरतच नाहीत. त्यांच्या लेखी तो जोडधंदा. मग आम्ही रसिकांनीच तो मुख्य जेवण म्हणून का वाढून घ्यावा?

बेसूर_पण_हौशी
रात्रपाळी, अगदी हेच १९६२ मध्ये किंग रेकॉर्ड्स या कंपनीचे मालक अमेरिकन गायक जेम्स ब्राउनला म्हणाले होते. नवी गाणी नाहीत, कोण घेणार? त्याने पदरचे पैसे घालून न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधली मैफल रेकॉर्ड केली. पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली, अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत दुसऱ्या नंबरावर गेली आणि ६६ आठवडे तिथून हलली नाही. त्या यादीतून, म्हणजे. दुसऱ्या नंबरावरून हललीच.

रात्रपाळी
एक जेम्स ब्राउन दाखवलात, मी रॉक गायक पीटर फ्रॅम्प्टन दाखवतो. १९७६ मध्ये लाइव्ह अल्बममुळे लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षीचा स्टुडिओ अल्बम खपला, पण लोक मनातून त्यात मैफलच शोधत राहिले आणि तिथून घसरगुंडी लागली. तुमच्या लाडक्या लाइव्ह रेकॉर्डिंगने पुढच्या अल्बमचं असं वाटोळं होतं.

घासलेली_रेकॉर्ड
ॲडेलचं झालं का वाटोळं? '२५' आला आणि दुकानं ओस पडली का? काहीतरीच.

मिक्सरवाला
मी छोट्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करतो, म्हणून राहवलं नाही. 'लाइव्ह' या शब्दावर फार भाबडा विश्वास नका ठेवू. अमेरिकन गायक जॉनी कॅशचा १९६८चा फॉल्सम तुरुंगातला अल्बम घ्या. माणूस मारल्याच्या ओळीवर कैदी जो जल्लोष करतात, तो नंतर चिकटवलेला आहे.

पण स्टुडिओवाल्यांनीही नाक वर करू नये. मैफलीत गायकाच्या माइकमध्ये ड्रमही शिरतो, मॉनिटरचा, म्हणजे गायकासमोरच्या स्पीकरचा, आवाजही शिरतो. एक सूर ओढून जागेवर आणायचा तर मागचा ड्रमही ओढला जातो आणि लगेच कानाला खुपतं. त्यामुळे एक तर ती ओळ नंतर पुन्हा गाऊन घ्यायची, नाहीतर आहे ती ठेवायची. आणि 'आहे ती ठेवायची' म्हणायला गळ्यात दम लागतो.

त्यात तो अल्बर्ट हॉल म्हणजे प्रकरणच. १८७१ ला उघडला तेव्हापासून घुमटामुळे इतका प्रतिध्वनी, की संगीतकाराला आपली रचना तिथे दोनदा ऐकायला मिळते असा जुना विनोद आहे. शेवटी १९६९ मध्ये छताला फायबरग्लासच्या मोठमोठ्या बशा टांगल्या, तेव्हा कुठे जरा आवरलं. व्हिडिओत कॅमेरा वर गेला की दिसतात बघा. मी गाणं सोडून त्याच बघत बसतो.

रात्रपाळी
मिक्सरवाले, माहिती झकास, पण तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?

मिक्सरवाला
बशांच्या.

पहिल्या_रांगेत_नाही
मला वाटतं ॲडेलच्या घशाचं ऑपरेशन झालं म्हणून कंपनीने ही मैफल पुढे केली. आवाजच नव्हता तर काय देणार?

घासलेली_रेकॉर्ड
क्रम उलटा लावताय. मैफल सप्टेंबरमधली. त्यानंतर घशात रक्तस्राव झाला, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा दौरा रद्द झाला, नोव्हेंबरात बॉस्टनमध्ये शस्त्रक्रिया. मी ते रेकॉर्डिंग परत परत ऐकते त्यामागे हेही आहे. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला माहीत नाही, आपल्याला आहे. 'समवन लाइक यू'चं ध्रुवपद ती लोकांच्या हवाली करते, तेव्हा नुसता गळा सांभाळतेय की खरंच भरून आलंय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि रात्रपाळी, 'शिळी कढी' म्हणालात ना? त्याच मैफलीतल्या 'सेट फायर टू द रेन'ला २०१३ मध्ये ग्रॅमी मिळालं. स्टुडिओतल्या नाही, मैफलीतल्या गाण्याला.

रात्रपाळी
म्हणजे एकाच गाण्यावर दोन वर्षं काढली. माझाच मुद्दा झाला की हा.

बरं, हिशेब करा. '१९' २००८ चा, '२१' २०११ चा, '२५' २०१५ चा, '३०' २०२१ चा. अंतर तीन वर्षं, मग जवळजवळ पाच, मग सहा. असंच वाढत गेलं तर पुढचा २०२८ च्या आत काही येत नाही. तोवर मी काय त्याच टाळ्या ऐकू?

घासलेली_रेकॉर्ड
ऐका की. मी आज परत लावतेय. यावेळी बशा बघणार आहे.