मदत हवी आहे: भाचीच्या एमबीबीएसच्या अर्जात एनटी-सीऐवजी ओबीसी पडलंय

नमस्कार मंडळी,

तातडीने सल्ला हवा आहे. भाचीने लातूरला राहून नीट दिली. मार्क सरकारी कॉलेजच्या काठावर आहेत, म्हणजे प्रवर्गातून नंबर लागेल, ओपनमधून लागणार नाही.

राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेलकडे जी नोंदणी करावी लागते, ती मुदतवाढीच्या अगदी शेवटच्या दिवशी झाली. नवीन नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र हातात आलं की मगच भरू, असं म्हणत आक्का आणि दाजी थांबले. कागद आला नाही. शेवटी रात्री तालुक्याला नेट कॅफेत जाऊन फॉर्म भरून घेतला. लाइटची ये-जा चालू, साइट अडकत होती आणि मागे रांग. मी काल गावी आलो, प्रिंट मागितली आणि ओळीने वाचत गेलो, तर हे सापडलं.

जात धनगर. राज्यात एनटी-सी (भटक्या जमाती-क, म्हणजे भज-क), केंद्राच्या यादीत ओबीसी. नीटच्या फॉर्मवर ओबीसी बरोबरच होतं, तिथे एनटीचा पर्यायच नसतो. कॅफेवाल्याने नीटचं प्रवेशपत्र समोर ठेवलं आणि राज्याच्या अर्जातही ओबीसी निवडलं. जोडलेला जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) मात्र दोन्ही एनटी-सीचे आहेत.

नॉन क्रिमीलेयर जुनंच जोडलंय, त्याची मुदत ३१ मार्चलाच संपली. नवीन सेतूत अडकलंय.

आणि ज्याने माझी झोप उडालीय ते हे: अर्जातला मोबाइल नंबर आणि ईमेल कॅफेवाल्याचे आहेत. ओटीपी त्याच्या फोनवर जातो. त्याचं दुकान बंद असलं की आमचं लॉगिन बंद.

आधारवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी आहे. दहावी, बारावी, नीट तिन्हीकडे सारखं आहे.

कॅफेवाला म्हणतो, "नवीन ईमेलवर दुसरा फॉर्म टाकून देतो, मिटलं." तो असंही म्हणतो की मराठवाड्याबाहेर आपल्या लेकरांचा नंबर लागत नाही, बाहेरची कॉलेजं टाकायची गरज नाही. माझा दोन्हींवर विश्वास बसत नाही. उशिरा भरल्यामुळे पोरगी यादीत मागे पडेल का, हेही आक्का सारखं विचारतेय. लेकरू दोन वर्षं मेसच्या डब्यावर राहून शिकलंय, एका चुकीच्या क्लिकमुळे हे जायला नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: गोदाकाठ

राहू द्या ना ओबीसी. तिथे १९ टक्के जागा, एनटी-सीला साडेतीनच. उलट फायदाच झाला म्हणा.

प्रतिसाद: सेतूवाला

गोदाकाठ भाऊ, असा सल्ला देऊ नका. ओबीसीतून नंबर लागला तरी कॉलेजात मूळ कागद तपासतात. दाखल्यावर आणि व्हॅलिडिटीवर भज-क लिहिलंय. तिथे जागा गेली की ती फेरीही गेली आणि लेकरू ऐन वेळी रस्त्यावर. हे दुरुस्त करावंच लागेल आणि अंतिम गुणवत्ता यादी लागायच्या आतच करावं लागेल.

नॉन क्रिमीलेयरचं माझ्या रोजच्या कामातलं सांगतो. पावतीवरचा टोकन नंबर 'आपले सरकार' पोर्टलवर टाकला की अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते दिसतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी परत पाठवलेला असेल तर तो कुणाच्याच टेबलावर पुढे सरकत नाही, आणि माणसं तारखेची वाट बघत बसतात. आधी ते बघा. सगळे कागद पूर्ण असतील तर नीटचा निकाल आणि प्रवेशाच्या वेळापत्रकाची प्रत घेऊन थेट उपविभागीय अधिकारी कार्यालयात जा, विद्यार्थिनीचं प्रकरण म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. मुदत उलटली असेल तर अपिलाची सोयही त्यातच आहे. नवीन प्रमाणपत्रावरची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, ते खिडकीवरच वाचून घ्या.

प्रतिसाद: अंबाजोगाईची इंटर्न

मामा, मी इथल्या स्वाराती मेडिकल कॉलेजला इंटर्नशिप करतेय. आधी आक्कांना सांगा, गुणवत्ता यादी नीटच्या रँकवर लागते. मुदतीत भरलेला अर्ज पहिल्या दिवशीचा असो की शेवटच्या रात्रीचा, रँक तोच राहतो.

दुसरा फॉर्म अजिबात भरू नका. नीटचा रोल नंबर एकच असतो. त्यावर दोन अर्ज आले की कोणता खरा हे ठरवत बसण्यात वेळ जाईल, आणि तुमच्याकडे वेळच नाही.

सगळ्यात आधी लॉगिन ताब्यात घ्या. आजच भाचीला घेऊन कॅफेत जा, त्या माणसाला समोर बसवा, पासवर्ड बदला, प्रोफाइलमध्ये नंबर बदलता येत असेल तर तिचा टाका. भांडू नका, ओटीपी त्याच्याकडेच येतोय. त्याच बैठकीत त्याच्या ईमेलवरून सीईटी सेलला मेल पाठवा, भाचीच्या ईमेलला प्रत ठेवा. मजकूर साधा असू द्या: "माझा अर्ज क्रमांक अमुक, नीट रोल नंबर अमुक. प्रवर्गाच्या रकान्यात चुकून ओबीसी नोंदले गेले आहे. माझा प्रवर्ग भज-क आहे. जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कृपया दुरुस्ती करावी. संपर्कासाठी माझा मोबाइल व ईमेल खालीलप्रमाणे नोंदवावा." एवढंच. लाइट गेली, रांग होती, हे काही लिहू नका. मेल वाचणाऱ्याला क्रमांक आणि कागद लागतात. मग हेल्पलाइनला फोन करा, आणि तात्पुरती यादी लागली की त्याच दिवशी तिच्या नावापुढचा प्रवर्ग बघा. चुकीचाच दिसला तर हरकतीच्या मुदतीत पुन्हा लिहा, पहिल्या मेलची प्रत जोडून.

आधारच्या स्पेलिंगला घाबरू नका. दहावी, बारावी आणि नीट जुळतात हे महत्त्वाचं. आधार दुरुस्तीला टाका आणि एक प्रतिज्ञापत्र फाइलला लावून ठेवा.

कॅफेवाला जे सांगतोय ते जुनं झालं. ७०:३० ची प्रादेशिक अट २०२० साली रद्द झाली. आधी ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या मुलांना असायच्या आणि आपल्याकडे कॉलेजंच थोडी, म्हणून आपली मुलं मार खायची. आता सगळ्या राज्यातली सरकारी कॉलेजं खुली आहेत. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली ही नवी आली आहेत, ती टाकाच, पण विदर्भ, खानदेश, कोकणही टाका. काठावरच्या मुलीने यादी आखडती ठेवू नये. माझ्या बॅचच्या एका मैत्रिणीने घराजवळचीच कॉलेजं टाकली होती आणि तिचं वर्ष गेलं. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इतकं लांबण लावतेय.

ऑल इंडियाच्या १५ टक्क्यांत एमसीसीकडे (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे) नोंदणी केली असेल तर तिथे ओबीसीच राहील. फक्त त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं नॉन क्रिमीलेयर तिथे चालत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दुपारी कॅफेत बसून पासवर्ड बदलला, मेल गेला, पोच आली. प्रोफाइलमधला नंबर बदलता येत नाहीये, त्यामुळे कॅफेवाल्याकडून ओटीपी लगेच कळवण्याचं कबूल करून घेतलंय आणि त्याच्या घराचा पत्ताही घेतला. सेतूच्या टोकनवर अर्ज खरंच परत आलेला दिसला, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल जोडायचा राहिला होता. दाजी उद्या सकाळी त्यासाठी निघतील.

एक विचारायचं राहिलं. केंद्राच्या नमुन्याचा अर्ज त्याच सेतूत, त्याच कागदांवर देता येतो का?

प्रतिसाद: सेतूवाला

येतो. अर्ज वेगळा भरावा लागेल, कागद जवळपास तेच. उद्या दाजी येतील तेव्हा दोन्ही एकदमच द्या, आणि पावत्या दोन वेगळ्या मागून घ्या.